माणसं मोजली तेव्हा मी खुर्चीवर होते

नाही, पण मला एक सांगा, आपण कुणाकडे चहा घेऊन गेलो आणि समोर रिकामी खुर्ची दिसली, तर माणूस बसणार नाही का? हातात कप देऊन उभ्याउभ्या परत फिरायला मी काय टपरीवरची आहे? बसले! एक मिनिट बसले! बरं, एक मिनिट नाही, अर्धा तास बसले, आणि बरं, रोज बसते, सहा महिने बसतेय, पण म्हणून काय माझं डोकं मोजून थेट मुंबईच्या कागदावर चढवायचं? हा हात बघा. बघा ना! पंधरा दिवस झाले त्या गोष्टीला, अजून कप उचलला की बशी वाजते. बीपीची गोळी अर्धी होती, ती डॉक्टरांनी अख्खी केली. आणि हे सगळं कशापायी? मला काय हो, मी आपली शेजारीण!

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, दीपमालाबाई नेहमीसारखी मधूनच सुरू झाली. जेल रोडला आमची बिल्डिंग. खाली पार्किंग, पहिल्या मजल्यावर एक मोठा हॉल, आणि त्याच्यावर चार मजले, सोळा घरं. लिफ्ट आहे, पण ती बघायला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे हॉलच्या बरोब्बर डोक्यावर. तिथे पूर्वी पोरांचे क्लास चालायचे, ते बंद पडले, वर्षभर कुलूप होतं, आणि मला मेलीला करमेना, कारण खाली कोण येतं कोण जातं हे कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आता स्वभाव आहे, काय करू? तर एके दिवशी ट्रक आला. त्यातून टीव्ही उतरायला लागले. एक नाही, दोन नाही, अठरा टीव्ही! मी म्हटलं दुकान दिसतंय, हप्त्यावर देतात का विचारू, म्हणून पायात चपला सरकवल्या आणि खाली.

तर दुकान नव्हतं. 'जनरव' म्हणून बातम्यांची वाहिनी आहे ना, मुंबईची, ती आपल्या बातम्या तयार करायचं सगळं काम उचलून नाशकात आणत होती. आमच्या हॉलमध्ये! इथला मुख्य म्हणजे योगेश, आपला सायखेड्याचा पोरगा, गुणी, पण चेहऱ्यावर सदा परीक्षेला बसल्यासारखं. त्यानेच मला सगळं समजावलं. "काकू, मुंबईत एका महिन्याला जे भाडं जातं त्यात इथे वर्ष निघतं. तिथे चौसष्ट माणसं जे काम करायची, ते इथे एकवीस करणार. पगारही इथल्या मानाने." मी म्हटलं, "अरे मग उरलेली त्रेचाळीस तिथे काय करत होती?" तर म्हणाला, "काकू, मालकांनाही हाच प्रश्न पडला, म्हणून तर आपण इथे आहोत."

खर्च वाचवायचा म्हणजे किती वाचवायचा याला काही माप! आवाज बाहेरून आत येऊ नये म्हणून भिंतींना जाड गाद्यांसारखं काहीतरी लावतात म्हणे. त्याचा अंदाज आला अकरा लाख. मुंबईने सांगितलं, नाही. मग योगेशने काय केलं असेल? सायखेड्याच्या पोल्ट्रीतून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणले, भिंतीभर चिकटवले, वरून काळा रंग. टीव्हीत काही दिसत नाही. पण अंड्याचा ट्रे तो अंड्याचा ट्रे, तो आवाज अडवणार?

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी सातच्या बातम्या, त्या थेट असतात, बाकीच्या आधी भरून ठेवतात, पण सातच्या थेट. वेदिका म्हणून मुलगी वाचते, फार गोड आवाज. कुणीतरी मोठा माणूस गेला होता, ती खाली मान घालून सांगतेय, "त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी..." आणि वरून कुणाचा तरी कुकर, फिस्स्स! एक. वेदिका थांबली. फिस्स्स! दोन. मुंबईहून फोन, "कोण शिट्ट्या मारतंय तिथे? माणूस गेलाय!" आणि तिसरी शिट्टी तर अशी मोठी झाली की आमच्या ह्यांनी घरात टीव्हीसमोर बसून विचारलं, "झाली का गं डाळ?"

योगेश रडायचा बाकी होता हो. मग मला राहवेल का? मी तशीच वर निघाले, सोळाच्या सोळा घरांच्या बेल वाजवल्या. सात ते साडेसात कुकर चढवायचा नाही. मिक्सर नाही. पाण्याची मोटर नाही. खुर्च्या ओढायच्या नाहीत. वेळापत्रक लिहून जिन्यात चिकटवलं. भंगारवाला साडेसहाला येऊन जातो, त्याला मी चहा पाजून तसं ठरवून घेतलंय. आमचे हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं कोळशात होते, ह्यांच्या शिंका म्हणजे काय सांगू, खिडकीची काच हलते, तर ह्यांना मी रोज सातच्या आधी फिरायला काढते. थंडी असो, डास असोत, निघा! आणि मी खाली जाऊन काचेच्या खोलीत त्या चाकाच्या निळ्या खुर्चीवर बसते, कानाला ते हेडफोन लावते, म्हणजे कुणाकडे काय वाजतंय ते बरोब्बर कळतं, की लगेच फोन, "तिसऱ्या मजल्यावर कोण खलबत्त्यात कुटतंय?" एवढंच. याला काय काम म्हणतात? हा शेजारधर्म झाला. मला काय, मी आपली शेजारीण!

मी एकटीच नव्हते हो. पाचव्या मजल्यावरच्या शकुबाई यायच्या, पंचाहत्तरीच्या, गुडघे दुखतात तरी यायच्या, कारण तिथे एसी. आणि मल्हारीभाऊ, आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले, रिटायर्ड हेडमास्तर. टीव्हीच्या खाली ती अक्षरांची पट्टी पळते ना, त्यात गावांची नावं, तालुके चुकले की ते तिथल्या तिथे सांगायचे, "अहो लासलगाव निफाड तालुक्यात, येवल्यात काय घालताय?" घरी त्यांचं कुणी ऐकत नाही, इथे एकवीस जण ऐकायचे. आम्ही तिघं आणि किटली. रोजचा नेम.

आणि ती पट्टी टाइप करायला कोण? आमची हर्षाली! आमच्या दाराला दार. आता हे नीट ऐका, कारण माझा जीव जो घाबरा झाला तो हिच्यासाठी. हर्षाली या वाहिनीत मुंबईलाच होती, एका खोलीत पाच मुली, पंधरा दिवसांतून एकदा यायची. इकडे आई, आक्काबाई, दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवं अंग गेलं. दिवसाला एक बाई ठेवलेली, रात्री मी डोकावायचे. तर काम नाशकात येतंय कळल्यावर ह्या पोरीने सगळ्यांच्या आधी हात वर केला. पगार कमी झाला, म्हणाली चालेल. आता दर तासाला एक मजला चढून येते, आईला या कुशीवरून त्या कुशीवर वळवते, पाणी पाजते, परत खाली. आक्काबाईंच्या पाठीला फोड आले होते ते बरे झाले. मला म्हणाल्या, अर्धवटच बोलता येतं त्यांना, म्हणाल्या, "दीपमाला... पोर... घरात." बस. एवढ्यात सगळं आलं की नाही?

तर एका मंगळवारी मुंबईहून साहेब आले. सनी सर म्हणतात. तिशीचा मुलगा, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, बगलेत लॅपटॉप. खर्च बघायला आला होता. पावणेसातची वेळ, आम्ही तिघं आपापल्या जागी. तो काचेच्या पलीकडे उभा राहिला, कुणाला काही विचारलं नाही, नाव नाही, गाव नाही, बोट पुढे करून मोजायला लागला. मेंढरं मोजतात ना तसं. आणि मी काय करावं? मी हसले! बोट माझ्यावर आलं तेव्हा मी मान लववून नमस्कार केला! अहो एवढंच नाही, शकुबाई खांबाआड होत्या, त्याला दिसत नव्हत्या, तर मीच, या हातांनी, त्यांची खुर्ची पुढे ओढली, "शकुबाई, पुढे या हो, पाहुणे आलेत, त्यांना दिसू द्या!" त्याने परत मागे येऊन एक आकडा वाढवला.

गुरुवारी मुंबईहून मेल. 'नाशिक येथे चोवीस माणसे आढळली. मंजूर एकवीस. तीन कमी करावीत. शेवटी रुजू झालेली आधी.' आणि शेवटी रुजू झालेली कोण? मुंबईतला महिना भरून सगळ्यात मागून आलेली हर्षाली!

संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "काकू, मला परत मुंबईला जावं लागेल, तिथे एक काम मिळतंय. आईला मग..." तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली, मला वास आला नाही. माझ्या डोक्यात एकच, माझ्या बुडाखालच्या खुर्चीने या पोरीची खुर्ची खाल्ली! तशीच खाली गेले, योगेशला म्हटलं, "सांग त्यांना, ही तिघं शेजारी आहेत, चहा प्यायला बसतात म्हणून!" तर योगेशने दार लावून घेतलं, हात जोडले. "काकू, हळू! बाहेरचं माणूस त्या खोलीत येणं नियमात बसत नाही. मुंबईत असे चारजण टपून बसलेत ज्यांना हे काम परत तिकडे न्यायचंय. त्यांना कळलं की नाशिकला बातम्यांच्या खोलीत शेजारणी चहा घेऊन बसतात, तर तीन काय, एकवीसच्या एकवीस जण घरी. आणि मी सगळ्यात आधी."

म्हणजे बोलावं तर एकवीस, न बोलावं तर हर्षाली! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ह्यांना उठवलं, म्हटलं, "अहो, मला भीती वाटतेय." तर म्हणतात, "चोर आलाय का?" म्हटलं, "नाही." "मग झोप." तीस वर्षं बॉयलरशेजारी काढलेला माणूस, ह्यांना भीती म्हणजे काय ते सांगायचं कसं?

मार्ग काढला मल्हारीभाऊंनी. "वहिनी, गणित चौथीचं आहे. चोवीसातून तीन कमी करायचेत ना? मग ते तीन आपणच!" काय डोकं आहे बघा! माणसं सगळी ठेकेदारामार्फत लावलेली, मुंबईला नावं माहीत नाहीत, फक्त आकडा माहीत. योगेशने लगेच कळवलं, दीपमाला, शकुबाई, मल्हारी, ही तीन कमी करतोय. मी देवापुढे साखर ठेवली. ती साखर मुंग्यांनी नेईपर्यंत उत्तर आलं, 'कोणाला काढायचे ते मी ठरवेन. सोमवारी प्रत्येकाची मुलाखत घेईन. सर्वांत कमी उपयोगाचे तीन जातील.'

मुलाखत! अहो, लग्न ठरवायला आले तेव्हा एकदा दिली ती. तेव्हाही घेरी आली होती.

रविवारी मल्हारीभाऊंकडे तालीम. कसली? बिनकामाचं दिसायची! मास्तर साहेब झाले आणि आम्हाला विचारायला लागले. शकुबाईंना विचारलं, "तुम्हाला काय येतं?" तर शकुबाई उसळल्या, "काय नाय येत? धार काढता येती, कांदा निवडता येतो, लासलगावला गाड्याच्या गाड्या भरल्या म्या!" "अहो शकुबाई, तसं नाही, म्हणायचं, मला काही येत नाही." "का म्हनू? पंचाहत्तर वरसांत कुनाची टाप नाय झाली मला बिनकामाची म्हनायची, आन आता त्या पोराम्होरं मीच म्हनू व्हय?" मी म्हटलं, "हर्षालीसाठी हो." ऐकलं त्यांनी, पण तोंड असं केलं की चहासुद्धा घेतला नाही. आणि आमचे हे! मी घरी आरशासमोर उभी राहून "मला काही येत नाही, मला काही येत नाही" म्हणतेय, तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "तुला कशाला गं तयारी?"

सोमवार उजाडला. सनी सर आले, काचेच्या केबिनमध्ये बसले, एकेकाला आत. आधी खरी एकवीस माणसं, मग आम्ही. मल्हारीभाऊंनी आत जाऊन काय केलं देव जाणे, सहा मिनिटांत बाहेर. कमी! आम्हाला आनंद, पण ते पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "वहिनी, त्याने लिहिलं, 'कामात अडथळा.' छत्तीस वर्षं शाळा चालवली मी." आणि काठी उचलून घरी गेले.

शकुबाई आत गेल्या त्या तासभर बाहेर येईनात. त्याला आपला सगळा जन्म सांगितला. शेवटी त्याने विचारलं, "आजी, पण इथे तुम्ही काय करता?" तर म्हणाल्या, "त्या संगणकावर फडकं मारते, धूळ बसती." कमी! बाहेर आल्या त्या लालबुंद. "मला काढलं गं! मला! आता तुमचा सातचा टाइमबिम गेला उडत!" आणि गुडघे धरत तरातरा जिना चढून वर. मला वाटलं राग आहे, जाईल. तिथेच चुकले.

राहिले मी. घड्याळात सातला दोन कमी. समोर बसले, हेडफोन गळ्यातच राहिले होते, काढायला हात उचलेना. "मॅडम, शिक्षण?" म्हटलं, "नववी. नापास." खोटं हो! दहावी पास आहे मी, गणितात पंचावन्न आहेत! "कॉम्प्युटर?" "नाही." "इंग्लिश?" "नाही." "या वाहिनीत तुम्ही नक्की काय करता?" मी डोळे मिटले आणि आरशासमोर घोकलेलं म्हटलं, "मला काही येत नाही. मी काही करत नाही." त्याने पेन उचललं. लिहायला टेकवलं. बाहेर लाल दिवा लागला, वेदिकाचं "नमस्कार" ऐकू आलं, मी मनात म्हटलं, सुटले, सुटली माझी पोर...

आणि गळ्यातल्या हेडफोनमधून आलं, सूंऽऽऽ.

तुम्हाला सांगते, सोळा घरांचे सोळा कुकर मी आवाजावरून ओळखते. हा शकुबाईंचा! तो आधी सूं करतो, मग तीन मिनिटं दम धरतो, आणि मग जो सुटतो तो थांबत नाही, जुना पाच लिटरचा, पूर्वीचा जाड! रागाच्या भरात चढवला होता हो त्यांनी. आता मी काय करावं? उठून पळावं तर साहेबाला कळणार ही बाई कामाची आहे, मग मी राहणार आणि हर्षाली जाणार. बसून राहावं तर त्याच्या समोर, थेट बातम्यांत शिट्टी, मग तो लिहिणार इथे आवाज अडत नाही, अकरा लाख लावा, मुंबई म्हणणार त्यापेक्षा परत या, आणि मग सगळेच जाणार, हर्षालीसकट! घाम कानामागून गळ्यात उतरलेला मला कळत होता. तो पेन टेकवून बघतोय, "मॅडम, तुम्हाला बरं वाटत नाही का?" आणि माझे पाय... मी नाही हो, माझे पाय उठले!

धावले. बावन्न वर्षांची बाई, चार मजले. दुसऱ्या मजल्यावर हे भेटले, आजच लवकर परतलेले, मान मागे, तोंड उघडं, नाक वर, मी ओरडायचं नाही म्हणून नुसतंच त्यांचं नाक दाबलं आणि पुढे! चौथ्यावर एक चप्पल गेली. पाचव्यावर दार बंद. हळूच वाजवलं.

"कोन हाय?"

"मी दीपमाला. शकुबाई, गॅस बंद करा, पाया पडते."

"तू कामावर हाय ना? जा की कामावर. मला काढलंय. माझं घर, माझा कुकर."

"अहो, शिट्टी झाली तर सगळं मुंबईला जाईल, हर्षाली जाईल, आक्काबाईंना कोण वळव..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत दार उघडलं होतं. शकुबाईंनी गॅस बंद केला, पण वाफ भरलेली, शिट्टी डुलायला लागलेली, तर त्या पंचाहत्तरीच्या बाईने दोन फडक्यांत कुकर उचलला आणि मोरीत नळाखाली धरला. मी नळ सोडला. दोघींनी श्वास धरला. शिट्टी थरथरली... फु म्हणाली... आणि बसली. आम्ही दोघी तिथेच मोरीत फतकल मारून बसलो, आणि शकुबाई म्हणतात, "बघ, म्हनं मी बिनकामाची."

मागे वळते तर दारात सनी सर! धापा टाकत, गळ्यातला पट्टा पाठीवर गेलेला. माझ्या मागोमाग पळत आला होता, आणि हातात काय? जिन्यातलं माझं वेळापत्रक, उपटून आणलेलं! कुकर, मिक्सर, मोटर, भंगारवाला, शिंका, सगळं त्यात. वाचत होता. मी गार पडले.

"मॅडम," म्हणाला, "हे रोज तुम्ही करता? म्हणजे ते अकरा लाखांचं काम तुम्ही एकट्या करता?" मी नाही म्हणणार तोच तो म्हणाला, "तुम्हाला कमी करणं आम्हाला परवडणारच नाही! तुम्ही राहणार. मग तिसरं नाव..." त्याने खिशातून कागद काढला, "सगळ्यात शेवटी आलेली. हर्षाली."

आणि मग माझ्या तोंडून जे सुटलं ते मला आवरलंच नाही. "अहो नाहीये मी कामाला! मी वर राहते! शेजारीण आहे मी! ही पण शेजारीण, ते मास्तरही शेजारी! पगार? रुपया नाही घेतला कधी, उलट दूध माझं, साखर माझी, आलंसुद्धा माझं! चोवीस नव्हतोच आम्ही कधी, एकवीसच होते, वरची आम्ही चहा प्यायला बसलेलो, आणि तुम्ही न विचारता मोजलंत!"

बोलले आणि वाटलं, संपलं. एकवीस घरं घालवली मी. आता खाली कोणत्या तोंडाने जाऊ?

पण तो पोरगा, तुम्हाला सांगते, पांढराफटक पडला. उंबऱ्यावर मटकन बसला. "म्हणजे मी... शेजारी मोजले?" मी म्हटलं, "हो." "सही करून पाठवलंय मी ते. मालकांना." तोही घाबरलेला. माझ्यासारखाच! म्हणाला, "काकू," मॅडमची काकू झाले मी तिथे, "गेल्या महिन्यात आमच्याकडेही मोजणी झाली. माणसं मोजणारे आम्ही पाचजण होतो. आता दोघं आहोत. हे कळलं तर एकच राहील." शकुबाईंनी त्याच्यापुढे पाणी आणि गुळाचा खडा ठेवला. "खा बाबा. घाबरू नको. घरी कोन कोन हाय?" त्याने सांगितलं. आई आहे, एकटी असते, साताऱ्याला.

मग आम्ही तिघांनी तिथे मोरीजवळ बसून ठरवलं. चोवीस होते, तीन कमी केले, एकवीस उरले. तीन कोण? दीपमाला, शकुबाई, मल्हारी. कागद पक्का, आकडा पक्का, सहीला सही. जाताना दोनदा म्हणाला, "काकू, कुणाला बोलू नका हं." आता मी कुणाला बोलणार? तुम्हालाच काय ते सांगतेय.

आठवड्याने मला रीतसर पत्र आलं. 'आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.' आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाने ऑफिसचं पत्र आलं आणि त्यात काढून टाकलेलं! हर्षालीने वाचून दाखवलं, हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि मध्येच घड्याळ बघून म्हणाली, "थांबा काकू, आईला वळवून येते." माझा जीव तिथे भांड्यात पडला. खरंच पडला.

पण भीती जात नाही हो! आधी तिच्यासाठी होती, आता सगळ्यांसाठी आहे. कारण सनी सरांनी जो नवा तक्ता वर पाठवलाय त्यात एक ओळ आहे, योगेशने मला दाखवली. 'आवाजबंदी, खर्च: शून्य.' मालक खूश झाले म्हणे त्या शून्यावर! आता शून्याला ताप येऊन चालेल? परवा घसा धरला तर काढ्यावर काढे प्यायले आणि सातला खाली, खुर्चीवर नाही बरं का, खुर्च्या आता मोजून एकवीसच ठेवल्यात, तर दाराआड स्टुलावर. शकुबाईंना म्हटलं एक दिवस तुम्ही बसा, तर "मला काढलंय" म्हणून कानावर हात. मास्तर अजून रुसलेले. मला काय, मी आपली शेजारीण म्हणून मी पण हात झटकले असते, पण वर आक्काबाई दिसतात ना डोळ्यांपुढे!

आणि आता सटाण्याला भाचीचं लग्न आलंय. सख्ख्या बहिणीची मुलगी, चार दिवस आधी ये म्हणतेय, हळदीला मावशी पाहिजे. योगेशला विचारलं, बाबा, चार दिवस जाऊ का? तर तो पोरगा नुसता भिंतीवरच्या त्या अंड्याच्या ट्रेंकडे बघत राहिला. मग काय, ह्यांना पाठवतेय आहेर घेऊन, तेवढ्याच चार शिंका कमी. ह्यांनी जाताना विचारलं, "एवढं नको झालंय तर सोडून का देत नाहीस?" मी म्हटलं, अहो, सोडू कशी? नोकरी असती तर सोडली नसती का!